पांढरीची माती

(नारायणगुडा, हैदराबाद येथे महाजनांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला चार शब्द बोलण्यास पाचारण केले, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मी विद्वान नव्हे, इतिहास-संशोधक तर नव्हेच. उभे आयुष्य कचेरीत आवक-जावक नोंदविण्यात गेले. तेव्हा आपण मजकडून सिद्धान्ताची अपेक्षा करू नये. एका दिवसात जे पाहिले ते क्रमवार सांगावे, एवढीच माझी शक्ती. विषय मातीचा आहे. मातीच्या घरांचा आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

आपल्यापैकी पुष्कळांचा जन्म मातीच्या भिंतींच्या घरात झाला असेल. माझा झाला. अंत्रुज महालातील आमच्या घराचा दर्शनी भाग चिऱ्यांचा होता, पण मागील पडवी, स्वयंपाकघर आणि गोठा निव्वळ मातीचा. पावसाळा तोंडावर आला की वडील माडाची चुडते विणून घेत आणि पश्चिमेकडील भिंतीला ती बांधून टाकीत. घराने जणू घोंगडीच पांघरली. चार महिने त्या अंधारात आम्ही राहत असू. चतुर्थीच्या आधी आई शेणमातीने जमीन सारवी, तिचा वास आजही या नारायणगुड्याच्या रहदारीत मध्येच आठवतो. आपल्या देवतांनीही मातीचा आसरा घेतलेला आहे. केळशीहून कवळ्यास आलेली श्रीशांतादुर्गा प्रथम एका लहानशा मातीच्या देवळीत राहिली. आजच्या भव्य देवालयाचा पाया १७३० साली घातला गेला व ते १७३८ साली पूर्ण झाले, हे आपणास ठाऊक आहेच. त्यापूर्वीचा दीर्घ काळ देवीने मातीच्या भिंतींतच काढला. आणि माशेलचा चिखलकालाही आपण विसरलेले नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या पटांगणात थोरामोठ्यांनी चिखलात लोळावे, यात आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटू लागला तो घरे मातीची असण्याचा. तो केव्हा वाटू लागला, हे मात्र मला नेमके सांगता येणार नाही.

लिसेवच्या वळणाचे माझे शिक्षण. तेथील पोर्तुगीजपैकी बरेचसे आता विस्मरणात गेले, पण काही शब्द टिकून आहेत. त्यांतला एक ‘अडोब’. उन्हात वाळवलेली कच्ची वीट. हा शब्द मूळचा प्राचीन मिसर देशाचा. तेथून तो अरबांच्या तोंडी ‘तूब’ झाला, अरबांकडून स्पेन-पोर्तुगालमध्ये गेला आणि स्पॅनिश लोकांबरोबर जहाजात बसून अमेरिकेस पोहोचला. नाईल नदीच्या चिखलातला शब्द मेक्सिकोच्या वाळवंटात जाऊन राहतो, हे वाचले तेव्हा मला मोठी गंमत वाटली होती. त्या शब्दाचे घर प्रत्यक्ष पाहण्याचा योग मात्र फार उशिरा आला.

माझी कन्या नोकरीनिमित्त अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात राहते. तिच्याकडे गेलो असता तिने एक दिवस रजा घेतली आणि आम्हा उभयतांना ताओस येथे नेले. अल्बुकर्की शहरापासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा रस्ता. तेथील मूळच्या रहिवाशांना स्पॅनिश लोकांनी ‘प्वेब्लो’ म्हटले. प्वेब्लो म्हणजे गाव. भटकणाऱ्या टोळ्यांहून वेगळे, घरे बांधून, मका पिकवून गावात राहणारे हे लोक, म्हणून त्यांचे नावच गाव पडले. ताओसचे ते गाव सुमारे हजार वर्षांचे मानले जाते. मधून एक ओढा वाहतो, त्याच्या दोन्ही काठांवर घरांचे दोन ढिगारे. ढिगारे हाच शब्द मला सुचतो, कारण एकाच्या छपरावर दुसऱ्याचे अंगण, दुसऱ्याच्या छपरावर तिसऱ्याची खोली, अशी ती चार-पाच मजल्यांपर्यंत चढत जातात. पूर्वी तळमजल्याला दरवाजेच नसत. शिडीने वर चढायचे, छपरातील भोकातून आत उतरायचे आणि शत्रू आला की शिडी वर ओढून घ्यायची. जुन्या भिंतींच्या आत आजही वीज नाही, नळ नाही. तो त्यांचा त्यांनीच केलेला नियम आहे. कायम वस्ती करणारी माणसे दीडशेच्या आसपास. बाकीचे भोवतालच्या नव्या घरांत राहतात आणि सणासुदीला, विधींना जुन्या घरात येतात. आपण देवाच्या जत्रेला गोव्यात जातो, तसेच म्हणा ना.

आम्हाला गाव दाखविणारी मुलगी त्याच गावची, कॉलेजात शिकणारी. छायाचित्रे कोठे घ्यावीत व कोठे घेऊ नयेत हे तिने आरंभीच स्पष्ट सांगितले. जमिनीखालच्या त्यांच्या पूजास्थानांकडे, ज्यांना ‘किवा’ म्हणतात, परक्याने जायचे नाही, त्यांविषयी विचारायचेही नाही. सोबतच्या काही प्रवाशांना ते खटकले. मला खटकले नाही. गाभाऱ्याचा उंबरठा कोणी ओलांडावा हे ज्याला लहानपणापासून शिकविलेले असते, त्याला ही भाषा कळते. त्या लोकांचे एक पवित्र सरोवर डोंगरात आहे. १९०६ साली सरकारने ते आपल्या राखीव जंगलात घातले. तेव्हापासून ही मूठभर माणसे अर्ज करीत राहिली. पैसे देऊ केले ते त्यांनी नाकारले, सरोवरच पाहिजे म्हणाले. १९७० साली अठ्ठेचाळीस हजार एकरांच्या जंगलासह ते त्यांना परत मिळाले. चौसष्ट वर्षे एकच अर्ज! कारकून या नात्याने मी मनोमन हात जोडले.

पण मला सांगायचे आहे ते छपराचे. एका घरात आम्हाला जाऊ दिले. तेथे एक बाई तंदुरासारख्या भट्टीत भाजलेली पाव विकत होती. मी वर पाहिले आणि थबकलो. आडव्या गोल तुळया, त्यांवर जवळजवळ रचलेल्या बारीक काठ्या, काठ्यांवर पालापाचोळा आणि त्यावर माती. हे छप्पर मी पाहिलेले होते, आणि तेही गोव्यात नव्हे, मराठवाड्यात. तेथे तुळई म्हणतात, किलच म्हणतात, लिंबाचा पाला म्हणतात, आणि वरच्या मातीला पांढरी म्हणतात. सगळ्या छपराला माळवद. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दोन जनसमूहांनी एकच छप्पर घातले होते. पाऊस कमी, ऊन कडक, थंडीही कडक आणि लाकूड बेताचे, ही चार दाने दोन्हीकडे सारखी पडली म्हणून, दुसरे काय.

ते माळवद कोणाचे, ते आता सांगतो.

कचेरीत माझ्या शेजारच्या मेजावर माझे एक स्नेही तीस वर्षे बसत. उमरगा तालुक्यातले. आपल्याला ठाऊक आहे की १९५६ पर्यंत तो सारा मुलूख हैदराबाद राज्याचाच भाग होता, आणि येथे शिकावयास, वकिलीस, नोकरीस आलेली मराठवाड्याची घराणी या नारायणगुड्याच्या परिसरातही स्थायिक झाली. न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ १९४० साली उभी राहिलेली केशव मेमोरियल शाळा आपल्या रोजच्या वाटेवर आहे. माझे स्नेही त्याच परंपरेतले, मात्र गावाशी नाळ न तुटलेले. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्यांचा रजेचा अर्ज माझ्यामार्फत गेला होता. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘घर’. मी त्यात काही भर घातली नाही. ते तीन आठवड्यांनी परतले, मेजावर बसले आणि दौतीचे टोपण काढून कामाला लागले. किल्लारीजवळच्या एका गावात दिलेली त्यांची सख्खी आत्या आणि आत्याचे दोन नातू माळवदाखाली गेले होते, हे मला दुसऱ्याच माणसाकडून कळले. त्यांनी स्वतः त्यानंतर कित्येक वर्षे तो विषय काढला नाही.

अमेरिकेहून आल्यावर मी ताओसची छायाचित्रे त्यांना दाखविली. बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “भाऊ, या वर्षी गावी चला. घराचं काय करायचं ते ठरवायचंय. तुम्ही बरोबर असलात तर बरं.” त्यांच्या गावचे घर भूकंपात पडले नव्हते, भिंतींना तडे मात्र गेले होते. जुने सागवानी खांब आणि तुळया विकत घेणारे व्यापारी आता खेडोपाडी फिरतात. शहरांतील उपाहारगृहांना आणि बंगल्यांना तसले लाकूड शोभेसाठी हवे असते. अशाच एकाने भाव केला होता. खांब न्यायचे, बाकीची माती बैलगाडीने लोटायची.

आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचलो. ढाळजेतून आत गेले की चौक, चौकाच्या चारी बाजूंना ओसरी, आत खोल्या. भिंती अडीच हात जाडीच्या. खालचा भाग काळ्या दगडाचा, वरचा भेंड्यांचा, म्हणजे आपल्या त्या अडोबचाच. भिंतीत कोनाडे, देवळ्या आणि धान्याचे बळद. छपराला वाटोळे साणे, त्यातून उजेड आत येई आणि धूर बाहेर जाई. पाऊस आला की त्यावर पत्रा ओढायचा. बाहेर एप्रिलचे ऊन भाजत होते, आत मात्र माठातल्यासारखा गारवा. स्नेह्यांच्या वहिनी, वय ऐंशीच्या पुढे, त्या घरात एकट्या राहतात. भिंती त्या स्वतः सारवतात, अजूनही. जेवणे झाल्यावर त्यांनी आम्हा पाहुण्यांसाठी ओसरीवर अंथरूण घातले आणि स्वतःची बाज उचलून चौकात, उघड्यावर नेली. मी म्हटले, आपण आत झोपा, आम्ही बाहेर निजतो. स्नेही हळूच म्हणाले, “राहू द्या. त्र्याण्णवपासून त्या माळवदाखाली झोपलेल्या नाहीत. पावसाळ्यात पत्र्याच्या गोठ्यात निजतात.”

मला त्या रात्री झोप आली नाही.

सकाळी सूर्योदयापूर्वी निघालो. वाटेत स्नेह्यांनी मला काळी आणि पांढरी समजावून सांगितली. मराठी मुलखात गावाची जमीन दोन रंगांची. पिकते ती काळी आणि माणसे जेथे राहतात ती पांढरी. पांढरी ही मुळात पांढरी नसते. शेकडो वर्षे चुलींची राख, शेण, भुसा, पडलेल्या भिंतींचा चुरा एकावर एक साचतो आणि त्या मातीचा रंग फिका होतो. म्हणून उजाड माळावर पांढरे टेकाड दिसले की येथे कधीकाळी गाव होते, असे खुशाल समजावे. पुराणवस्तुसंशोधकही तसेच समजतात. आणि गंमत अशी की हीच माती माळवदावर घालावयास उत्तम. ती चिकण, पाणी धरून ठेवत नाही, भेगाळत नाही. मृगाच्या आधी प्रत्येक घर चार-दोन पाट्या पांढरी आणून छपरावर पसरते आणि धुमसून बसविते. म्हणजे जुन्या गावाचे घर खणून नव्या गावाचे छप्पर घालायचे. आपल्याकडे कुळाचार जसा एका पिढीकडून दुसरीकडे जातो, तशी तेथे मातीच जाते.

यातच घात होता. दरसाल घातली जाते, पण काढली कधी जात नाही. मी गाडीत बसल्या बसल्या हिशेब केला, ती माझी जुनी खोड. दहा फूट बाय बारा फुटांची खोली, एकशेवीस चौरस फूट. तीन पिढ्यांत मातीचा थर दोन फुटांवर गेला, तर दोनशे चाळीस घनफूट माती. घनफुटाला पंचेचाळीस किलो धरले तर दहा हजार आठशे किलो. जवळजवळ अकरा टन वजन डोक्यावर घेऊन माणसे निश्चिंत झोपत होती.

किल्लारीला उजाडता उजाडता पोहोचलो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बोळवून माणसे थकून झोपली होती. त्या भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास नोंदली गेली. जगाच्या मानाने हा आकडा फार मोठा नव्हे, पण मेलेल्यांची संख्या सुमारे आठ हजार. हा मुलूख तोपर्यंत देशाच्या भूकंप-नकाशात सर्वांत सुरक्षित पट्ट्यात दाखविलेला होता. त्यानंतर तो नकाशा बदलला. बावन्न गावे जुन्या जागा सोडून नव्या ठिकाणी वसविण्यात आली. घरे जमीनधारणेनुसार अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची दिली गेली. रस्ते सरळ, काटकोनात. जुन्या गावात गल्ली वळली की कोणाचे घर ते कळे, नव्या गावात क्रमांक पाहावा लागतो, असे तेथील एका वृद्धाने सांगितले.

जुन्या किल्लारीत आता स्मृतिस्तंभ आहे, वेड्या बाभळी आहेत आणि दगडांच्या राशी आहेत. स्नेही तेथे काही वेळ उभे राहिले. नंतर त्यांनी मला एका अर्धवट उभ्या भिंतीजवळ नेले आणि काठीने दाखविले. तोवर माझीही समजूत सर्वसामान्यांसारखीच होती की मातीच्या घरांनी माणसे मारली. ती भिंत पाहून कळले की गोष्ट इतकी सरळ नाही. भिंत दोन पदरी होती. आतून एक दगडांचा पदर, बाहेरून एक पदर आणि मध्ये भर. दगड गोलसर, ओबडधोबड, चिखलात रचलेले. दोन पदरांना एकमेकांशी बांधणारा आरपार दगड कोठेही नाही. जमीन हलली तशी भिंत पोटातून फुगली, दोन्ही पदर दोन बाजूंना सुटले आणि वरचे अकरा टन खाली आले. ज्या घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा चांगला जोडलेला होता, तेथे भिंती पडल्या तरी छप्पर खांबांवर तरंगत राहिले आणि आतली माणसे वाचली, असेही पुष्कळ ठिकाणी घडले. कच्छमध्ये २००१ साली मोठा भूकंप झाला, तेव्हा मातीचे वाटोळे भुंगे उभे राहिले आणि सिमेंटच्या कित्येक इमारती कोसळल्या, हेही आपण वाचले असेल. दोष वजनाचा होता, बांधणीचा होता, दुर्लक्षाचा होता. परंतु ज्याची आत्या गेली त्याला हे कोणत्या तोंडाने सांगावे? मी काही बोललो नाही. तेच म्हणाले, “आत्याच्या घराचे खांब नवे होते, बारीक. जुने तिच्या दिरानं आधीच विकले होते.”

मग औशावरून लातूर आणि लातूर-बार्शी रस्त्याने मुरूड, ढोकी करीत दुपारच्या आत तेरला पोहोचलो. तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात त्याचे नाव आहे. पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर आहे आणि तेथून भडोच बंदराकडे गाड्यांनी कापड जाते, असे तो लिहितो. पुढे नगर गेले, नाव विसरले. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट या विद्वानाने १९०१ साली दाखवून दिले. तेव्हा तेर निजामाच्या राज्यात होते. आपल्या हैदराबादजवळ, संगारेड्डीकडील कोंडापूर येथेही त्याच सातवाहन काळाचे पांढरे टेकाड आहे आणि संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने १९४० च्या दशकात तेथे उत्खनन केले होते. ज्यांना तेरपर्यंत जाणे शक्य नाही त्यांनी निदान तेथील संग्रहालय पाहून यावे. अर्ध्या दिवसाचे काम आहे.

तेरच्या त्रिविक्रमाच्या मंदिरासमोर मी बराच वेळ बसलो. सारे विटांचे. मागून पाहिले तर हत्तीच्या पाठीसारखे वाटोळे, छप्पर कमानीसारखे वळलेले. कझेन्स या संशोधकाला ते मुळात बौद्धांचे चैत्यगृह वाटले. पुढील काहींनी ते मान्य केले नाही. मला त्या वादात पडायचे नाही. विटांच्या त्या कमानीने दीड हजार वर्षे पाऊस झेलला, आणि आत आजही दिवा लागतो.

संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे आहे. तेरचे हे गृहस्थ. गावचे लोक माळवदासाठी पांढरी खणीत, पहिल्या पावसानंतर टेकाडांवरून पाणी वाहे, आणि मातीतून मणी, नाणी, बाहुल्या वर येत. पोरे त्यांची खेळणी करीत. लामतुऱ्यांनी ते सारे वेचून ठेवले. पांढऱ्या चिकणमातीच्या, साच्यातून काढलेल्या पोकळ स्त्रीमूर्ती, शंखाच्या बांगड्या, रोमन धर्तीचे दिवे, आणि हस्तिदंताची एक लहानशी सुंदरी. १९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेतून निघालेल्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे रूप जुळते. राखेखाली गाडले गेलेले ते पाँपेई आणि राखेने पांढरे झालेले हे तेर! जी माती गावकऱ्यांनी छपरांवर वाहून नेली तिच्याबरोबर आणखी किती सुंदऱ्या गेल्या असतील, हे कोण सांगणार? किल्लारीकडील माळवदांत तशी माती असेल का, हा विचार माझ्या मनात आला तो मी स्नेह्यांना सांगितला नाही.

तेर हे गोरोबाकाकांचेही गाव. संत गोरा कुंभारांची समाधी नदीकाठी आहे आणि त्यांचे घर म्हणून एक जागा गावात दाखवितात. विठ्ठलाच्या भजनात तल्लीन होऊन चिखल तुडविताना पायांखाली आलेले स्वतःचे मूल त्यांना कळले नाही, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. देवाने मूल परत दिले, असा तिचा शेवट आहे. त्या घरासमोर ही कथा आठवली तेव्हा माझे स्नेही शेजारी उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसले आणि म्हणाले, “ऊन फार झालं.” दुसरी कथा मडक्यांची. संतमेळ्यात मुक्ताबाईने सांगितले म्हणून काकांनी थापटण्याने एकेका संताच्या डोक्यावर ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले. मला माझे कचेरीतले रकाने आठवले. ‘घराचा प्रकार: कच्चे, पक्के.’ किती हजार घरांपुढे मी डोळे मिटून ‘कच्चे’ लिहिले असेल! थापटणे कधी हातात घेतलेच नाही. नामदेवांचे पुढे काय झाले ते आपण जाणता. कच्चे ठरल्यावर ते गुरूकडे गेले, फुटले नाहीत.

परतीच्या वाटेवर खरा प्रश्न निघाला. व्यापाऱ्याचा माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता. स्नेही म्हणाले, सिमेंटचा गिलावा करून घर ठेवता येईल का? एका ठेकेदाराने तसे सुचविले होते. तेव्हा मला ताओसजवळच्या एका चर्चची हकीगत सांगता आली. राँचोस दे ताओस येथील ते मातीचे चर्च, दोनशे वर्षांपूर्वीचे. दरवर्षी गावकरी त्याला नवा मातीचा लेप देत. १९६७ साली हा खटाटोप वाचावा म्हणून त्यावर सिमेंटचा टणक गिलावा केला. सिमेंटला भेगा पडल्या, भेगांतून पाणी आत गेले, आणि मातीला श्वास घेऊन ते बाहेर टाकता येईना. भिंती आतून भिजून कुजू लागल्या. अखेर १९७९ साली सगळे सिमेंट खरवडून काढले आणि पुन्हा मातीवर आले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात गावचे आबालवृद्ध जमून, चिखल-भुसा कालवून, देवळाला हाताने लेप देतात. माती दरसाल हात मागते. ज्या घराला हात लावणारे कोणी उरले नाही त्याने काय करावे, याला मजजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही.

पण वजनाला उत्तर होते. भूकंपानंतर अशी घरे मजबूत करण्याविषयी अभियंत्यांनी जे सांगितले ते साधे होते. छपरावरची माती वीतभर ठेवून बाकीची उतरवावी, मध्ये प्लास्टिकचा कागद घालावा. खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे तिरप्या लाकडांचे टेकू ठोकावेत, म्हणजे सांगाडा डुलणार नाही. भिंतीत ठरावीक अंतरावर भोके पाडून आरपार दगड किंवा काँक्रीटचे तुकडे बसवावेत. मी गाडीत पुन्हा आकडेमोड केली. दोन फुटांचे आठ इंच झाले तर अकरा टनांचे साडेतीन टन राहतात. ते साडेतीन टनही काही थोडे नव्हेत. पण पायांखालची जमीन हलली तर खांबांना तेवढे पेलता येण्याची आशा होती.

घरी पोहोचलो तेव्हा वहिनी दिवा लावून बसल्या होत्या. स्नेह्यांनी व्यापाऱ्याची गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, “इकायचं न्हाई. पडायचं आसंल तर पडू द्या, पर खांब कुणाला द्यायचं न्हाईत.” स्नेही जरा चिडून म्हणाले, “पण वहिनी, तुम्ही तर त्याखाली झोपतसुद्धा नाही!” त्यावर त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “भ्याव वाटतंय म्हनून झोपत न्हाई. भ्याव वाटतंय म्हनून आपल्या मानसाला इकतं का कुनी?”

दुसऱ्या दिवशी व्यापारी रिकामा परत गेला. ज्येष्ठाआधी स्नेह्यांनी गावातील चार गडी लावून माळवदाची माती उतरविली. मी तेव्हा नव्हतो, त्यांनी पत्राने कळविले. एकशेचाळीसपर्यंत पाट्या मोजल्या, पुढे मोजणे सोडले, असे त्यांनी लिहिले. मातीत एक फुटका दिवा आणि काचेचे तीन मणी निघाले. वहिनींनी ते तुळशीपाशी ठेवले. टेकू बसले, आरपार दगडही निम्म्या भिंतींत बसले, उरलेले पैसे आल्यावर बसतील. उतरविलेली पांढरी शेजारच्या दोन घरांनी आपल्या छपरांसाठी मागितली. स्नेह्यांनी देण्यापूर्वी त्यांच्या माळवदावर चढून थर किती आहे ते मोजले, आणि एका घराला दिली नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांना वहिनींची खबर विचारली. म्हणाले, बाज आता चौकातून ओसरीवर आली आहे. आत अजून नाही.